बघावं लागेल

मामांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. आत ४६ हजार रुपये, पाचशेच्या नोटा, वर रबर. दलालानं सकाळी स्वतः आणून दिलेली त्याची दलाली.

"घेऊ का परत करू? तेवढं सांग. टॅक्साचं मले समजलं."

ते समजेपर्यंत वर्ष सरत आलं होतं. खामगावच्या हद्दीबाहेरचं वडिलोपार्जित शेत मामांनी जानेवारी २०२५ मध्ये ४६ लाखांना विकलं. दलाल म्हणाला, ग्रामपंचायतीतली शेतजमीन आहे, टॅक्स लागत नाही. पण तेव्हा ३० लाखांच्या वरच्या खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकांकडून आयकर खात्याला जायचीच. ती गेली आणि मामांच्या मोबाइलवर संदेश आला. मी हिशेब मांडला. साडेबारा टक्के कर, त्यावर उपकर, व्याज, उशिराचं शुल्क. सगळं मिळून सहा लाखांच्या जवळ.

"फसवलं त्यानं," मी म्हणालो.

"फसवणारा दलाली परत आणते काय? त्याले तसंच वाटत होतं. गावात साऱ्यांलेच वाटते."

हे मात्र खरं. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे १८८६ च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. चार पिढ्यांच्या कानात तेवढंच एक वाक्य बसलं आहे. शेतीचं उत्पन्न वेगळं आणि शेत विकून आलेला नफा वेगळा, हे कोणी सांगितलंच नाही. १९७० मध्ये कायदा बदलला आणि शहरालगतच्या शेतजमिनीचा नफा करात आला. दलालाचं वाक्य अर्धं खरं होतं. निखळ खोट्याला माणूस एखादा तरी प्रश्न विचारतो.

"पण ते शेत कुठं शहरात हाय? तीन किलोमीटर हाय शहरापासून. मी सायकलनं गेलो जन्मभर."

मी मोबाइलवर नकाशा उघडला. नगरपालिकेच्या हद्दीवर एक बोट, शेतातल्या विहिरीवर दुसरं. मधे सरळ रेघ उमटली. १.७ किलोमीटर. नाला आडवा येतो म्हणून रस्ता वळसा घेतो. कायदा वळसा धरत नाही. अंतर हवाई मोजायचं, असं २०१४-१५ च्या आकारणी वर्षापासून ठरलेलं आहे. खामगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ हजारांवर, म्हणजे लाखाच्या आत, म्हणून हद्दीपासून दोन किलोमीटरचा पट्टा. तीनशे मीटरनं शेत आत आलं.

"म्हणजे मी उडत जायले पाहिजे होतो वावरात," मामा म्हणाले. मामी आतून हसली. मामा हसले नाहीत.

मग मी मनात होतं ते विचारलं. अकोल्यात एका सीएच्या कार्यालयात वीस वर्षं मी हीच कामं करतो. "मला का नाही विचारलंत?"

"तुले विचारलं असतं तं तू काय म्हणाला असता?"

"म्हणालो असतो, बघावं लागेल."

"हां. तो म्हणाला, लागत नाई, मी बसलो हाय ना. आता सांग, घरात ट्रॅक्टरचे हप्ते थकले असतांनी माणूस कोणाचं ऐकन?"

यावर उत्तर नव्हतं. नेमकं जाणणाऱ्याच्या बोलण्यात 'जर' आणि 'तर' असतात. ते ऐकायला थकलेल्या माणसाला बळ नसतं.

"पण मामा, सौदा झाला तरच त्याला पैसे मिळणार होते. अशा माणसानं 'लागत नाही' म्हणणं आणि परक्यानं म्हणणं एकच नाही."

"काऊन? आपण भेंडवळची घटमांडणी ऐकतो. अक्षय्य तृतीयेले मांडते, दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून सांगते, चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने. त्या भरोशावर पेरलं अन् पाऊस नाई आला, तं बियाण्याचे पैसे कोणाले मागतो काय?"

"तिथं सांगणारा एकरी टक्का घेत नाही."

मामा थांबले. "हे बरोबर हाय," म्हणाले.

मला जरा चेव आला. मी त्यांना मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचा खटला सांगितला. उत्तर प्रदेश सरकारनं १९६८ मध्ये नव्या कारखान्यांना तीन वर्षं विक्रीकर माफ म्हणून सांगितलं. त्या शब्दावर कंपनीनं कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना घातला आणि मग सरकार फिरलं. डिसेंबर १९७८ मध्ये न्या. भगवती आणि न्या. तुळजापूरकर यांनी सरकारला त्याच्या शब्दाला बांधलं. प्रत्येकाला कायदा माहीत असतो असं गृहीत धरता येत नाही, असंही त्या निकालात आहे.

"मंग आपल्यालेबी ते लागू हाय!"

"नाही. तिथं शब्द सरकारचा होता. दलालाच्या शब्दानं सरकार बांधलं जात नाही."

"म्हणजे सरकारवर भरोसा ठेवला तं भरपाई, अन् शेजाऱ्यावर ठेवला तं दंड."

मला हे वाक्य खोडता आलं नाही. खोडायचंही नव्हतं.

ते पाकिटाकडे बघत राहिले. "घेतले तं तो मोकळा होते. ४६ हजारांत सुटला. परत केले तं मी माफ केल्यासारखं होते, अन् माफ करायले मी कोण? सातबारा माह्या नावावर, सही माही. विचारायचं तं मीच नाई विचारलं."

"चूक त्याच्या अज्ञानाची नाही," मी म्हणालो. "माहीत नसताना छातीठोक बोलला, ती आहे."

"अन् माहीत असून न बोलणाऱ्याची?"

मी वर पाहिलं. मामा शांत होते.

खरेदीखताच्या संध्याकाळी मी याच ओसरीवर पेढा खाल्ला होता. शेत खामगावला चिकटून आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक. शंका आली होती. विक्रीच्या पैशातून दोन वर्षांत दुसरं शेत घेतलं किंवा विवरणपत्राच्या मुदतीआधी रक्कम बँकेच्या खास खात्यात ठेवली, तर कर वाचवता येतो, हेही माहीत होतं. पण विचारलं नाही तर कशाला सांगा, आनंदावर विरजण कशाला, असं म्हणत मी दुसरा पेढा उचलला. दलालाला निदान ४६ हजारांचा मोह होता. मला तर फक्त मान हवा होता, आधी कोणीतरी विचारण्याचा.

हे मी मोठ्यानं बोललो नाही. मामांना ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

फोन वाजला. वस्तीवरचा शेजारी. त्याचंही शेत विकायला निघालंय, दलाल तोच, शुक्रवारी इसार.

"टॅक्स?" मामा फोनवर म्हणाले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "थांब, भाचा बसला हाय. त्याले विचार." फोन माझ्या हातात आला.

"बघावं..." सवयीनं तोंडात आलं. मी ते गिळलं.

"काका, तुमचं शेत नाल्याच्या अलीकडं की पलीकडं?"