धूळपाटीवरचा लेख

चि. सायलीस,


विकिपीडियाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून ठेवलेला तुझा लेख दोनदा वाचला. शुद्धलेखनाच्या चुका फोनवर सांगेन. तुझा खरा प्रश्न वेगळा आहे : तुमच्या संस्थेचं पान मराठी विकिपीडियावर असावं की नाही? माझं उत्तर, आज तरी नको. का ते ऐक, मग रागाव.

तुम्ही मुलं खाटा, वॉकर, हवेच्या गाद्या रुग्णांच्या दारी पोचवता, अनामत सोडून एक पैसा घेत नाही. तुझ्या आजोबांच्या अखेरच्या चार महिन्यांत तुमचीच खाट आमच्या घरात होती. त्यामुळे काम चांगलं आहे याची मला खात्री आहे. पण त्याच कारणाने मी निकामी साक्षीदार. तू तर संस्थेचीच. काम चांगलं आहे का, हे ज्ञानकोश विचारतच नाही. संस्थेशी ज्यांचं देणंघेणं नाही अशा जाणत्या लोकांनी तिच्याविषयी आपणहून, सविस्तर लिहिलंय का, एवढंच तो विचारतो. तिथले लोक याला उल्लेखनीयता म्हणतात.

तू चौदा संदर्भ दिलेस. मी जन्मभर ग्रंथालयात कात्रणं चिकटवली, तेव्हा एकेक उघडून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. पाच बातम्या, पाच वर्तमानपत्रं, आणि पाचही ठिकाणी ‘समाजापुढे नवा आदर्श’ हेच शब्द, त्याच क्रमाने. म्हणजे तुमच्या अध्यक्षांची एकच प्रेसनोट. दोन स्मरणिका तुम्हीच छापलेल्या, जाहिरातींसकट. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक संस्था अस्तित्वात आहे एवढंच सांगतो. पाच पुरस्कार : शाल, श्रीफळ, फोटो. उरला एका पुरवणीतला लेख. ती बाई दोन दिवस तुमच्या गोदामात बसली, आणि गाद्या वेळेवर परत येत नाहीत हेही तिने लिहिलं. तेवढा एक संदर्भ खरा. नेमका तोच तू शेवटी टाकलास!

बाहेरच्यांनी आपणहून लिहिणं म्हणजे काय, ते कळायला आता जामखेड बघ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माझ्या लेखी त्याहून मोलाचं म्हणजे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने डिसेंबर २००८च्या अंकात त्या सेविकांवर सविस्तर लेख छापला. लिहिणारी बाहेरची होती.

गडचिरोलीचं प्रकरण मात्र थोडं अवघड. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत काम, तुलनेसाठी ४७ गावं. तुलनेच्या गावांशी ताडता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावरचा निबंध छापला. पण निबंधाचे लेखक संस्थेचेच! मग तो संदर्भ चालेल? मी म्हणेन, आकड्यांपुरता चालेल, कारण छापण्याआधी तिऱ्हाईत तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलाय. संस्थेचं महत्त्व मात्र त्यावरून ठरवू नये. नंतर इतरांनी त्याचं काय केलं, त्यावरून ठरवावं. २०११ साली सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल देशभर हाती घेतली. ‘सर्च’चं पान असावं, याला हे कारण पुरेसं आहे.

आरोग्याच्या बाबतीत मी जास्तच कडक आहे. पेशंटचे नातेवाईक रात्री अडीचला मोबाइलवर शोधत बसतात. ज्ञानकोशातलं वाक्य त्यांना सरकारी शिक्क्यासारखं वाटतं. त्यावर विसंबून कुणी पैसे देतं, कुणी चालू औषध थांबवतं. तू लिहिलंयस, ‘हजारो रुग्णांना जीवदान.’ अगं, खाटेने जीवदान मिळत नाही. हवेच्या गादीमुळे पाठीला जखमा होण्याचा धोका कमी होतो, आणि तेही थोडं नाही. पण मग तेवढंच लिही.

मला हे शहाणपण फुकट आलेलं नाही. मैत्रिणीच्या रक्तदाते मंडळाचं पान मी एकदा हौसेने केलं होतं. आठवड्याच्या आत ते काढलं गेलं, तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, जाऊन मी ‘तुम्हाला समाजसेवेची किंमत नाही’ असं खरमरीत लिहून आले. ते अजून तिथे आहे, माझ्या नावासकट.

तेव्हा लेख धूळपाटीवरच राहू दे. आणि कुणी दुसऱ्याने तुमच्या संस्थेवर लिहिलं, तरी तू चर्चापानावर संस्थेशी असलेलं नातं सांगून सूचना कर, मूळ लेखाला हात लावू नकोस.

आणखी एक. कोणती खाट कुणाकडे किती दिवस होती, त्या वह्या गेल्या पावसात भिजल्या म्हणालीस. उद्या कुणी अभ्यासक खरंच आला, तर त्याला त्याच लागतील. येत्या रविवारी त्या उन्हात घालून पान न् पान स्कॅन करून ठेव. मी मदतीला येते.

तुझी,
मावशी