धर्माच्या गाईचे दात

बारा जोड बूट होते. कबड्डीच्या संघात मैदानावर सात आणि राखीव पाच, म्हणून बारा. पोंभुर्ण्यातल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर चादर घालून ते ओळीनं मांडले होते. शेजारी शाल, श्रीफळ आणि झेंडूचा हार. बूट देणारा माझाच जुना विद्यार्थी. आता शहरात एका व्यावसायिक संघाकडून कबड्डी खेळतो, बरे पैसे मिळवतो. भाषणात तो फार बोलला नाही. ‘गावानं मला घडवलं, त्याचं थोडंसं परत करतोय,’ एवढं म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. प्रत्येक मुलीनं बूट छातीशी धरून त्याच्या शेजारी उभं राहायचं, असं मीच ठरवलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘सर, मले हे लहान होते जी. बोटं दुमडतेत.’

मी घाईत होतो, पाहुण्यांचं जेवण व्हायचं होतं. मी हसून म्हणालो, ‘अगं, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.’ ती ‘हो जी’ म्हणाली आणि गेली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. त्या मुलानं मला महिनाभर आधी फोन करून प्रत्येकीच्या पायाचा नंबर मागितला होता. मी तो मुलींना विचारलाच नाही. ऑफिसात बसून, हजेरीपट पुढं घेऊन, चेहरे आठवत अंदाजानं आकडे लिहिले आणि पाठवून दिले.

आमच्याकडं कबड्डी मातीत आणि अनवाणी खेळतात. बूट लागतात ते मोठ्या स्पर्धेत, मॅटवर. पुढच्या स्पर्धेत ही मुलगी मॅटवर अनवाणीच उतरली, कारण बुटांत तिचा पाय जाईना. मॅटवर घासून तळव्याची कातडी सोलली. तिनं तक्रार केली नाही. एकदा केली होती आणि तिला म्हण ऐकायला मिळाली होती.

तेव्हापासून त्या म्हणीनं मला सोडलेलं नाही. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, कारण ती दानात मिळाली आहे. बाजारातून विकत आणली असती तर दात मोजणं हा शहाणपणा ठरला असता. पण माझा विद्यार्थी तर दान करतच नव्हता. तो ‘परत’ करत होता, आणि हा शब्द त्यानं स्वतः वापरला होता. मग परत मिळालेल्या वस्तूचे दात मोजायचे की नाही? तुम्ही माझ्याकडून पोतंभर धान उसनं नेलं आणि परत करताना कोंडा आणून टाकलात, तर मी ‘असू द्या, दिलं हेच खूप’ म्हणेन का?

नाव कमावलेले खेळाडू आपल्या गावाला, शहराला, गरजूंना काही देतात तेव्हा सगळीकडं हाच शब्द असतो. शब्द देण्याफेडण्याचा आणि वागणूक मात्र दानाची, अशी ती गंमत आहे.

खेळाडूंच्या देण्यातला मला सगळ्यात विचार करायला लावणारा प्रकार सुनील गावसकरांचा वाटतो. २०२० साली कोरोनाच्या सुरुवातीला त्यांनी ५९ लाख रुपये दिले. त्यांतले ३५ लाख पंतप्रधानांच्या निधीला आणि २४ लाख मुख्यमंत्र्यांच्या निधीला. ही बातमी बाहेर आली ती अमोल मुजुमदारच्या ट्वीटमुळं. आकडे असे अडनिडे का? तर भारतासाठी ३५ शतकं आणि मुंबईसाठी २४. त्याच वर्षी आपल्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात ३५ मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा खर्च उचलला. आकडा पुन्हा तोच.

यातलं पस्तिसावं शतक आमच्या ओळखीचं आहे. ३४ कसोटीतली, आणि एकदिवसीय सामन्यातलं एकुलतं एक. ते झालं नागपुरात, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध. ८८ चेंडूंत नाबाद १०३. चेतन शर्माची हॅट्ट्रिकही त्याच सामन्यातली. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता, हलका धान कापणीला आला होता आणि आम्ही दहा-बारा पोरं चौकातल्या दुकानाच्या पायरीवर ट्रान्झिस्टरला कान लावून बसलो होतो. कापणीला गेलो नाही म्हणून बाबांचा मार खाल्ला. त्या शतकात माझा वाटा असलाच तर तेवढाच. पण २०२० साली एका अनोळखी मुलाचं हृदय त्या शतकाच्या नावानं दुरुस्त झालं असेल, तर बाबांनी मारलेल्या त्या दोन थपडा कुठंतरी जमेस धरल्या गेल्या, असं मला उगाचच वाटतं.

शतकांचा आणि आजारी मुलांचा तसा काही संबंध नाही. छत्तिसाव्या मुलाच्या आईला कोणी सांगावं की, बाई, साहेब आणखी एकदा शंभरी गाठते तर तुमचा नंबर लागला असता? हा आक्षेप खरा आहे आणि मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. पण या हिशेबी देण्यात मला एक मोठी गोष्टही दिसते. इथं घेणाऱ्याला आपली दैना दाखवून दात्याचं मन विरघळवावं लागत नाही. आकडा आधीच ठरलेला आहे आणि तो देणाऱ्याच्या आयुष्यातून आला आहे, घेणाऱ्याच्या रडण्यातून नाही. दया अशी मोजता येत नाही. मोजून दिलं जातं ते देणं.

दयेच्या मदतीत घेणाऱ्याला काहीतरी मोजावंच लागतं. आमच्या बारा मुलींनी फोटो मोजला. सरकारी भाषेत त्यांना ‘लाभार्थी’ म्हणतात. हा शब्द मी तीस वर्षं अर्जांवर लिहितो आहे. लाभार्थ्यानं रांगेत उभं राहायचं, सही किंवा अंगठा द्यायचा आणि हसायचं.

आमचा जिल्हा या बाबतीत फार अनुभवी आहे. इथून कोळसा जातो, बांबू जातो, वीज जाते. बदल्यात शाळेला रंगवलेली भिंत किंवा पाण्याचा कूलर येतो, आणि पाटीवर दात्याचं नाव कूलरच्या तोटीपेक्षा मोठं असतं. असो, ते वेगळं प्रकरण आहे. पण याच जिल्ह्यात, वरोऱ्याला, बाबा आमटेंनी आनंदवन उभं केलं. दान माणसाला मोडतं आणि काम त्याला घडवतं, हे त्यांचं म्हणणं जगाला माहीत आहे. ज्यांच्याकडं पाहून लोक भीक टाकत, त्या कुष्ठरोग्यांनी तिथं शेती केली, घरं बांधली. मी विद्यार्थ्यांना तिथं सहलीला नेलं आहे, त्यावर भाषणंही दिली आहेत. बूटवाटपाच्या दिवशी यातलं काही आठवलं नाही.

मग देऊच नये का? तसंही मला म्हणता येत नाही. बूट हवे होते. बारा जोड मॅटचे बूट आमच्या शाळेला स्वतःहून घेता आले नसते.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंसाठी एक पुरस्कार आहे. दर वर्षी प्रत्येक संघ, मैदानाबाहेर समाजासाठी काम करणारा आपला एक खेळाडू सुचवतो आणि त्यांतून एकाची निवड होते. १९७३ पासून त्याला रॉबर्टो क्लेमेंटेचं नाव आहे. हा पोर्तो रिकोचा, पिट्सबर्गच्या संघाकडून खेळायचा. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यानं कारकिर्दीतला तीन हजारावा फटका मारला, आणि नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचाच ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो हौशी खेळाडूंचा संघ घेऊन निकाराग्वाला गेला होता. तो परतल्यावर काही दिवसांतच, २३ डिसेंबरला, तिथं मानाग्वा शहर भूकंपानं कोसळलं. त्यानं मदत गोळा करून पाठवली. पण माल गरजूंपर्यंत न पोचता सत्ताधाऱ्यांच्या माणसांच्या हाती जातोय, असं त्याच्या कानावर आलं. तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः विमानात बसला. प्रमाणाबाहेर माल भरलेलं ते जुनं विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळलं.

ही गोष्ट सांगताना सगळे त्याच्या मरणाशी थांबतात. मी थांबतो ते त्याच्या संशयाशी. पाठवलं, पावती मिळाली, झालं, असं त्याला वाटलं नाही. माल कोणाच्या हातात पडला, हे बघितल्याशिवाय आपलं देणं फिटलं असं त्यानं मानलं नाही. माझ्या विद्यार्थ्यानंही नंबर विचारले होते. त्याचा माल आणि मुलींचे पाय यांच्यामध्ये जो मधला माणूस बसला होता, तो मी.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’चं रुग्णालय उभारायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी आधी आदिवासींना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं मिळाली ती अशी: मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते, आणि तिथं आमचा देव नाही. म्हणून तो दवाखाना गोंडांच्या गावासारखा, झोपड्याझोपड्यांचा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. लोकांनी आधीच दात मोजले होते आणि देणाऱ्यांनी ते लिहून घेतले होते.

सचिन तेंडुलकरनं राज्यसभेचा खासदार असताना परांडा तालुक्यातलं डोंजे गाव दत्तक घेतलं, तेव्हा बातम्यांत सगळं श्रेय ‘सचिन’चं होतं. खासदार निधी हा जनतेचा पैसा असतो. गावाची निवड आणि त्यासाठी केलेला पाठपुरावा त्याचा, हे खरंच. पण तिथल्या माणसाला नळाला पाणी आलं नाही असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे, आणि ‘देवानं दिलं’ म्हणून त्यानं तोंड मिटावं असं त्यात काहीच नाही. खेळाडूचं नाव लागलं की हा हक्क लोक आपणहून सोडून देतात, हे मला जास्त चिंतेचं वाटतं.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या ‘परत’ या शब्दाकडं येतो. तो शाळेत असताना त्याची राज्य पातळीवरच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. जायला पैसे नव्हते. त्या वर्षी त्याच्या गावात मंडईच्या रात्री झाडीपट्टीतलं नाटक ठरलं होतं. मंडळानं तिकिटांतून उरलेले पैसे त्याला दिले. कोणी किती दिलं याची यादी झाली नाही, कारण दिलं कोणीच नव्हतं. लोक नाटकाला आले होते. बूटवाटपानंतर मी त्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला म्हणालो, ‘आजी, तुमच्या गावच्या पोरानं गावाचं देणं फेडलं.’ ती म्हणाली, ‘कायचं देनं जी? आमी तं नाटक पायलं.’

म्हणजे ऋणको आहे आणि धनको कुणीच नाही. असं देणं फेडायचं कुणाकडं? आणि ज्या मुलींना बूट मिळाले त्या तर तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. त्यांनी काही उसनं दिलेलं नाही, मग त्यांना दात मोजायचा हक्क कुठून आला? बरेच दिवस मी इथं अडकून होतो. मग तलाठी कार्यालयात एका कामासाठी बसलो असताना सुचलं. सातबाऱ्यावर वारस म्हणून ज्याचं नाव लागतं, त्यानं ते शेत कसलेलं नसतं, कधीकधी पाहिलेलंही नसतं. तरी बांध सरकला तर तो भांडू शकतो. त्या रात्री नाटकाला बसलेल्या गावांची ही पोरं वारस आहेत. त्या लाभार्थी नाहीत. वारसाला कमी मिळालं तर तो विचारतो, आणि विचारलं म्हणून त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही.

हे पटल्यावर मला दोन कामं करावी लागली, आणि दोन्हींची लाज वाटत होती. पहिलं, विद्यार्थ्याला फोन. चुकीचे नंबर मी दिले, तुझी चूक नाही, असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, फोटोत ती बूट हातात घेऊन हसत होती.’ मी म्हणालो, ‘मी हसायला सांगितलं होतं.’

दुसरं काम सोपं होतं. व्हरांड्यातच जुन्या वर्तमानपत्रांवर मुलींना उभं करून पेन्सिलीनं पाय आखले. सुरुवातीला त्या लाजल्या, मग एकमेकींच्या पायांवरून चिडवाचिडवी सुरू झाली. बारापैकी सात जणींचे बूट चुकलेले निघाले. सात! आणि बोलली होती एकच. तिलाच मी यादी करायला सांगितली: नाव, इयत्ता, नंबर. शिवाय म्हटलं, सरावासाठी आणखी काय अडतं तेही लिही.

तिनं सुवाच्य अक्षरात यादी आणून दिली. तळाशी एकच ओळ होती: ‘संध्याकाळची बस अर्धा तास उशिरा पाहिजे.’ सराव संपेपर्यंत बस निघून जाते आणि मग तिघी-चौघी मुली जंगलाच्या रस्त्यानं पायी जातात. वाघाच्या बातम्या आल्या की घरचे त्यांचा खेळ बंद करतात. मला हे माहीत असायला हवं होतं. मी त्याच शाळेत शिकवतो.

यादीचा फोटो विद्यार्थ्याला पाठवताना ती शेवटची ओळ कापावी असं एकदा मनात आलं. बूट मागावेत ते ठीक, बस काय मागायची खेळाडूकडं? पण कापली नाही. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं: ‘सर, बूट आठ दिवसांत पाठवतो. बसचं माझ्या हातात नाही. पण डेपोत अर्ज द्यायचा असेल तर मी येतो सोबत. तिलाही घेऊ.’

अर्ज तिनंच लिहिला आहे. मी फक्त दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. सोमवारी जायचं आहे.