मदायाची भाकरी

मजलूम माणूस बंदूक उचलतो तेव्हा आपली हमदर्दी त्याच्याकडे जाते. जावीच. पण त्या बंदुकीचा खर्च दुसरा कुणी देत असेल, तर ती उद्या कुणावर रोखायची हे ठरवणे मजलूमाच्या हाती उरते का? लेबनॉनच्या हिजबुल्लाहचा विचार करताना हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

१९८२ साली इस्राएलने लेबनॉनवर चढाई केली. त्या धामधुमीत इराणच्या मदतीने ही शिया संघटना उभी राहिली. पैसा परका, पण जमीन तर त्यांचीच होती. मे २००० मध्ये इस्राएली सैन्य दक्षिण लेबनॉन सोडून गेले. २००६ ची लढाई ३४ दिवस चालली. अरब देशांतल्या सुन्नी मोहल्ल्यांतही हसन नसरल्लाहच्या तसबिरी लागल्या. नाव आपल्या वऱ्हाडातल्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत पोहोचले.

पुढे सीरियात लोक असदविरुद्ध उठले. इराणची हत्यारे सीरियाच्याच वाटेने येत. असद पडला तर वाट बंद. दमास्कसजवळच्या बीबी जैनबच्या रौजाची हिफाजत, असे कारण सांगितले गेले. पण २०१३ साली हिजबुल्लाह लढली ती कुसैरला, रौजापासून कोसो दूर!

आपल्या अकोला-अमरावतीकडे मोहर्रममध्ये सबील लागते. शरबत पिणाऱ्याची जात, फिरका कुणी विचारीत नाही. करबलात हुसैनच्या लेकराबाळांचे पाणी अडवले गेले, त्याची ती याद. आणि त्याच हुसैनचे नाव घेणाऱ्यांनी असदच्या फौजेसोबत २०१५ मध्ये मदाया गावाला वेढा घातला. २०१६ च्या जानेवारीपर्यंत तिथे माणसे उपासमारीने मेली. कुणी म्हणेल, विरोधकांनीही फुआ आणि कफराया ही शिया गावे वेढली होती. खरेच आहे. पण त्याची फेड मदायाच्या लेकरांनी का करावी?

सूरह निसाच्या १३५व्या आयतीत आपल्याच माणसांविरुद्ध जात असली तरी खरी गवाही द्या, असा हुक्म आहे. आपण ती आयत दुसऱ्यांना फार ऐकवतो.

२७ सप्टेंबर २०२४ ला इस्राएलच्या बॉम्बहल्ल्यात नसरल्लाह मारला गेला. बैरुतमध्ये मातम झाला, सीरियातल्या इदलिबमध्ये मिठाई वाटली गेली. दोन्हीकडे कलमा पढणारेच. ८ डिसेंबरला असद रशियाला पळाला, आणि ज्या वाटेसाठी कुसैर लढले गेले ती वाटही तुटली.