इतर

आमच्या टीमच्या कॉन्फ्लुएन्सवर लेबलांचा नुसता पसारा होता. कुठे ‘डिप्लॉय’, कुठे ‘डिप्लॉयमेंट’. वर्गवारी माझ्याकडे आली. सर्व्हर, डेटाबेस, रिलीज हे कप्पे पटापट पडले. सपोर्टवाल्यांची लेबलं कुठे बसेनात, ती ‘इतर’मध्ये टाकली.

ग्रंथालयांच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात (१८७६) धर्माला २०० ते २९९ आकडे आहेत. त्यातले बहुतेक वर्षानुवर्षं ख्रिस्ती धर्माकडे. हिंदू, बौद्ध, इस्लाम सगळे २९०च्या घरात दाटीवाटीने. ड्यूईला यात काही खटकलं नसावं. मलाही खटकलं नव्हतं.

मग सपोर्टमधल्या एकीने विचारलं, “दादा, रात्री दोनला सर्व्हर पडला की आम्ही काय करतो, ते ‘इतर’?”

तिची पानं मी उघडूनही पाहिली नव्हती.