सर्दी कसली, हयगय म्हण

खाली काय बघतोस? वर बघ. बाजारातून कोंबडा आणलास आणि त्याच संध्याकाळी जुन्या कोंबड्यांसोबत खुराड्यात कोंबलास. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायला जागा नव्हती म्हणे! एक डालगं नव्हतं तुझ्या घरात?

आठवड्यात घरघर सुरू झाली, कोंबड्या चोच वासून श्वास घेऊ लागल्या, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या. आणि तू कन्हेरी गावभर सांगत सुटलास, हवा बदलली, सर्दी झाली. अरे, ही लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेतची वाटतात. विषाणूचा रोग, त्याला औषध नाही. तरी मेडिकलातून माणसाच्या गोळ्या आणून कुटून पाण्यात घातल्यास. त्या गोळ्यांचा अंश असलेली अंडी कोणाच्या पोरांनी खाल्ली, सांग. जुनाट घरघरीचा मायकोप्लाझ्मा असला तरी औषधाने आवाज थांबतो, जंतू अंगात राहतो आणि अंड्यातून पिलात उतरतो. अशा कोंबडीची अंडी उबवायला ठेवायची नसतात.

राणीखेतच्या लसीची तुझी सबब मला पाठ आहे. बाटली शे-दोनशे पक्ष्यांची, माझे बाराच. फोडली की दोन तासांत संपवायची, मग बाकीची ओतून द्यायची का? नाही लेका, वस्तीतले सगळे पक्षी एका दिवशी गोळा करायचे! पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी लस टोचून. लस बर्फाच्या थर्मासमधून आणायची, शर्टाच्या खिशातून नाही. आणि द्यायची ती निरोगी पक्ष्यांनाच. आता मर लागल्यावर लस मागतोस, त्याला काय म्हणू?

हे सगळं एक वेळ अज्ञान म्हणून सोडीन. पण चार आजारी कोंबड्या तू मुद्दाम विकल्यास. पैसे तुझे, मर दुसऱ्याच्या दारात. ही लबाडी आहे. आणि हा बर्ड फ्लू असला तर? 2006 च्या फेब्रुवारीत नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, लाखो पक्षी मारावे लागले. खुराड्यापाशी उभं राहून तुला राणीखेत आणि बर्ड फ्लू वेगळे ओळखता येतील? भल्याभल्यांना येत नाहीत, ते प्रयोगशाळेचं काम. आणि प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या 2009 च्या कायद्याने असा रोग ग्रामपंचायतीला कळवणं मालकावर बंधनकारक केलंय.

तेव्हा आता ऊठ. ज्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्यास, त्या तिथून काढ, हात-तोंड झाकून, आणि खोल खड्ड्यात चुन्यासह पूर. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि ज्यांना कोंबड्या विकल्यास त्यांची नावं तिथे स्वतःच्या तोंडाने सांग.