बियाण्याचा दुधी



आज सामान्य काळातील पंधरावा रविवार. जुलै महिना आहे. वाडीतली आळी भरली आहेत, मांडवावर वेल चढू लागले आहेत. नेमक्या याच दिवसांत पवित्र ख्रिस्तसभा आपल्यापुढे पेरणाऱ्याचा दाखला ठेवते (मत्तय १३). हा दाखला ऐकला की आपण स्वतःला विचारतो, माझे मन कोणती जमीन आहे? वाट, खडक, काटेरी झुडपे की सुपीक माती? हा प्रश्न योग्यच आहे. परंतु आज मी तुम्हांला दुसरा एक प्रश्न विचारतो. तो पेरणारा पेरायला निघाला, तेव्हा त्याच्या ओटीत बी कुठून आले?

उत्तर सोपे आहे. गेल्या वर्षीच्या पिकातून कोणीतरी ते राखून ठेवले होते. आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा हेच सांगतो (यशया ५५:१०-११). आकाशातून पडणारा पाऊस जमिनीला दोन देणग्या देतो, असे तो म्हणतो. पेरणाऱ्यासाठी बी आणि खाणाऱ्यासाठी अन्न. लक्षात घ्या, एकाच पावसाच्या या दोन वेगवेगळ्या देणग्या आहेत. ज्या घराने सगळेच खाल्ले, त्या घराला यंदाची भाकर मिळाली, पण पुढच्या वर्षीचे बी गेले.

उत्तम ते बियाण्याला

आपल्या वाड्यांमध्ये दुधीचे गावठी बी कसे धरतात, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तरुणांसाठी सांगतो. प्रथम वेल निवडायचा. निरोगी, लवकर धरलेला, पावसात न कुजलेला. मग त्या वेलावरचा सुरुवातीचा एक सरळ, भरदार दुधी हेरायचा आणि त्याच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की तो दुधी बियाण्याचा झाला. त्याला कोणी हात लावायचा नाही. पाहुणे आले तरी नाही, बाजारात भाव चढला तरी नाही.

शेजारी दुसऱ्या जातीचा दुधी असेल, एक लांबट आणि एक गोल, तर आणखी काळजी घ्यावी लागते. दुधीचे पांढरे फूल सांजवेळी उमलते. नर फूल लांब देठाचे असते, तर मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी दिसतो. दुपारीच दोन्ही कळ्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या. संध्याकाळी सोडून नर फुलाचा पराग मादी फुलाला लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचे. मग त्या दुधीचे बी आपल्याच वाणाचे निघते. वाल, चवळी यांना एवढा खटाटोप लागत नाही. त्यांचे फूल बहुधा स्वतःच्याच परागावर धरते. म्हणून नवशिक्याने सुरुवात वाल-चवळीपासून करावी.

हे सर्व करायचे म्हणजे पदरमोड आली. चिंधी बांधलेला दुधी वेलावरच जून होतो, त्याची साल लाकडासारखी कठीण होते. शिवाय वेल आपली ताकद त्या बियांत घालतो, म्हणून पुढची फळे कमी धरतात. म्हणजे एक दुधी तर गेलाच, वर आणखी चार गेले. तरीही शहाणा वाडीवाला शेवटचा, वाकडा, उरलासुरला दुधी बियाण्याला ठेवत नाही. कारण जे बियाण्याला ठेवाल, तेच पुढच्या वर्षी मांडवावर लोंबेल.

बंधू-भगिनींनो, इथे आपण थोडे थांबू या. आपल्या कुटुंबात आपण देवासाठी काय राखून ठेवतो? दिवसातला उत्तम वेळ नोकरीला, त्यानंतरचा लोकल गाडीला, मग शिकवणीला, मग टीव्हीला आणि मोबाइलला. झोपेने डोळे मिटू लागले की उरलेली पाच मिनिटे रोझरीला. तीसुद्धा पाहुणे आले तर रद्द. वेलावरचे शेवटचे, वाकडे फळ आपण बियाण्याला ठेवतो आणि मग विचारतो, मुले चर्चला का येत नाहीत?

एका धर्मगुरूची वाटाण्याची बाग

दुकानातून संकरित बियाण्याचे पाकीट आणले, तर पहिल्या वर्षी पीक जोमदार येते. त्याच फळातले बी धरून पुढच्या वर्षी लावले, तर एक वेल असा आणि दुसरा तसा निघतो. असे का होते, हे जगाला प्रथम समजावून सांगणारी व्यक्ती एक कॅथोलिक धर्मगुरू होती. ऑगस्टिनियन संघाचे फादर ग्रेगोर मेंडेल यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरी आपल्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात हजारो वाटाण्याची रोपे वाढवली. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला, तेव्हा पहिली पिढी सगळी उंच निघाली. तिचे बी पेरले, तेव्हा साधारण तीन उंच आणि एक बुटका असे प्रमाण आले. झाकलेला गुण नातवंडांत उघडा पडला. मेंडेल यांनी १८६५ साली हे निष्कर्ष मांडले, पण त्यांची खरी दखल घेतली गेली १९०० साली. तेव्हा त्यांना देवाघरी जाऊन १६ वर्षे झाली होती. आपण पेरलेले आपल्या डोळ्यांदेखत उगवेलच असे नाही, हाही त्या बागेचा एक धडा.

संकरित बी वाईट, असे मी म्हणत नाही. त्याने अनेकांची पोटे भरली आहेत. परंतु त्याचे बी घरात पूर्वीसारखे टिकत नाही, दरवर्षी विकत आणावे लागते. आपल्या श्रद्धेचेही काही वेळा असेच होते. प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा थाटात होतो. मंडप, बँड, केक, फोटो, सगळे काही येते. पहिल्या वर्षी पीक जोमदार! पण ते सारे बाहेरून आणलेले असते. घरात प्रार्थना नसते, आईवडिलांच्या तोंडी प्रभूचे नाव नसते. मग पुढच्या पिढीत काय उगवणार? श्रद्धा पाकिटात विकत मिळत नाही. ती घरच्या मांडवावरच पिकवावी लागते.

भुकेल्यांनी राखलेले बी

दुसऱ्या महायुद्धात रशियातील लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याने १९४१ पासून १९४४ पर्यंत वेढा घातला होता. लाखो माणसे उपासमारीने मेली. त्या शहरात निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने उभारलेली बियाण्यांची संस्था होती. जगभरातून गोळा केलेले गहू, भात, वाटाणे, मका, बटाटे यांचे हजारो वाण तिथे होते. स्वतः वाविलोव तेव्हा तुरुंगात होते आणि तिथेच जानेवारी १९४३ मध्ये त्यांचा अंत झाला. इकडे त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाताशी खाण्याजोगे धान्य असूनही त्यांनी ते खाल्ले नाही. त्यांतील अनेकजण भुकेने मरण पावले. भाताचा संग्रह सांभाळणारा तज्ज्ञ तांदळाच्या पाकिटांमध्येच उपाशी मेला. ते बी आपले नव्हे, येणाऱ्यांचे आहे, हे त्यांनी जाणले होते.

गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, असे प्रभू येशू सांगतो (योहान १२:२४). क्रुसावर तो स्वतःच तो दाणा झाला. जे बलिदान आपण दर रविवारी वेदीवर साजरे करतो, ते आपल्यासाठी राखलेले आणि आपल्यासाठी मोडलेले बी आहे.

वाटले तर टिकते

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण भात, वाल, भाजीपाला यांचे कितीतरी गावठी वाण त्यांनी जमवले, जगवले आणि बाएफ संस्थेच्या साहाय्याने घरी बियाण्यांची बँक उभी केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचे मर्म असे, की बी कुलूपबंद ठेवायचे नसते, ते शेतकऱ्यांच्या हाती द्यायचे असते. आपल्या देशाच्या २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा, पेरण्याचा, इतरांना देण्याचा हक्क दिला आहे. बी विकत घेण्यासाठी लहान शेतकरी मोठ्या उत्पादकांवर अवलंबून राहू नये, ही चिंता दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात व्यक्त केली होती.

आपल्या आज्यांना हे कायद्याशिवाय ठाऊक होते. मूठभर वाल शेजारणीला दिले की आपल्या घरी उंदीर लागला तरी वाण बुडत नाही. शेजारणीकडून मूठभर परत आणता येते. दिलेले बीच खरे राखलेले बी. श्रद्धेचेही तसेच आहे. जो आपली श्रद्धा स्वतःपुरती ठेवतो, त्याची श्रद्धा एका वाईट वर्षात संपू शकते. जो ती वाटतो, त्याला पडत्या काळात शेजारी ती परत आणून देतो.

कोणी म्हणेल, आपला धर्म तर परदेशातून आला. होय, पण मिरचीही परदेशीच आहे! ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात भारतात आली. आज आपल्या मसाल्यातून तिला कोणी वेगळी काढून दाखवावी. जिथे पेरली, तिथल्या बायकांनी दरवर्षी मनाजोगती मिरची निवडून तिचे बी धरले, आणि ती त्या त्या मातीची झाली. शुभवर्तमानाचे बीही या किनाऱ्यावर असेच रुजले. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र.

आपण काय करू या?

पहिले, घरी एक तरी गावठी वाण धरा. वाडी विकली असेल, इमारतीत राहत असाल, तरी गच्चीत वा खिडकीत कुंडी मावते. मिरची, टोमॅटो, वाल कुंडीत येतात. वांगे आणि टोमॅटो बियाण्यासाठी पूर्ण पिकू द्या. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबू द्या, म्हणजे वरचा चिकट थर सुटतो. मग धुऊन सावलीत सुकवा. कोरड्या बाटलीत घालून वाणाचे नाव आणि वर्ष लिहा. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून किती मोड येतात ते पाहा. आणि कांद्याचे बी दुसऱ्या वर्षासाठी ठेवून विसंबू नका, त्याची उगवण लवकर जाते. कोणतेच बी कायमचे टिकत नाही. ते पुन्हा पुन्हा पेरावे लागते. बायबलसुद्धा कपाटात ठेवून टिकत नाही.

दुसरे, ज्यांच्याकडे जुने वाण आहे त्यांनी ऑक्टोबरमध्ये आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्यांबरोबर बियांची एक पुडीही वेदीपाशी आणावी, आणि मिस्सानंतर ती दुसऱ्या कुटुंबाला द्यावी.

तिसरे, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चिंधी बांधलेला जून दुधी बाजाराच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. त्याची भाजी होत नाही, त्याला भाव नाही. पण हलवून पाहा, आतून बिया वाजतात! आपल्या घरातील आजी-आजोबा असेच आहेत. अंगावर सुरकुत्या, हात थरथरतात, कमाई शून्य. आपण त्यांना आतल्या खोलीत बसवतो. पण वाडीचे ज्ञान, आपली बोली, आपल्या प्रार्थना, आपली गाणी त्यांच्यापाशी आहेत. ते बी आपल्या नातवंडांच्या हाती पडण्याआधी जर ते देवाघरी गेले, तर कोणत्याही दुकानात ते मिळणार नाही. म्हणून या आठवड्यात एका संध्याकाळी मुलांना आजीजवळ बसवा. तिला विचारू द्या, तू लहानपणी कशी प्रार्थना करायचीस? वाल कधी टोचायचे? आणि मुलांना ते ऐकू द्या, शिकू द्या, विसरले तर पुन्हा विचारू द्या.

प्रभू म्हणतो, सुपीक जमिनीत पडलेले बी कुठे शंभरपट, कुठे साठपट, कुठे तीसपट पीक देते. तीसपटही थोडे नव्हे. पण शून्याला कितीही पटींनी गुणले तरी शून्यच. तेव्हा पेरण्यासाठी मूठभर तरी आपण राखू या.

आपण प्रार्थना करू या:

हे दयाळू पित्या, तू आम्हांला भाकर देतोस आणि बीही देतोस. भाकर वाटून खाण्याचे आणि बी राखून ठेवण्याचे शहाणपण आम्हांला दे. आमच्या वाडवडिलांनी कष्टाने जतन केलेली श्रद्धा आमच्या हातून बुडू देऊ नकोस. आमच्या घरातील वृद्धांचा आदर करण्यास आम्हांला शिकव, आणि आमच्या मुलाबाळांच्या अंतःकरणाची माती ओली आणि मऊ ठेव. हे मागणे आम्ही आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे करतो. आमेन.