शनिवारवाड्याचे धनी

पुण्याचा शनिवारवाडा आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. थोरल्या बाजीरावांनीं १७३० सालीं त्याचा पाया घातला व १७३२ सालीं ते तेथें राहावयास आले. नानासाहेबांनीं तो पुढें वाढविला. दिल्ली दरवाजावर हत्तींची धडक अडविण्याकरितां अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. परंतु १७७३ सालीं नारायणराव ह्याच तटांच्या आंत गारद्यांच्या हातून मारले गेले. वय अवघें अठरा वर्षांचें, आणि त्यांस धरण्याच्या कटांत सख्खा चुलता! तो हत्तीवर बसून आला नव्हता, घरचाच होता. १७९५ सालीं सवाई माधवराव माडीवरून पडून वारले, १८१७ सालीं कंपनीचें निशाण चढलें, १८२८ च्या आगींत महाल जळाले. आतां तट, दरवाजे व चौथरे उरले आहेत.

आपल्या गांवींही सामाईक भिंतीपायीं भाऊ भावाशीं बोलत नाहीं, असें एखादें घर असेल. कोर्टाची तारीख मात्र दोघांच्याही ध्यानांत असते! उपदेशकानें ह्याच आठवड्यांत तेथें जावें, दोघांस एका घोंगडीवर बसवावें आणि स्तोत्र ४९ सावकाश वाचावें. भिंतीची गोष्ट त्यांनाच काढूं द्यावी.